गाठीला नाव असते. मग गरिबाच्या लेकराच्या गाठीला ते का नसावे?

चांदूर बाजार तालुक्यातील एका शेतमजुराच्या घरी सांत्वनासाठी जाण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. त्या घरातील सात वर्षांची मुलगी मेंदूतील गाठीने गेली होती. कुणाच्या दुःखाचे प्रदर्शन मांडण्याचा आमचा हेतू नाही, म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव येथे लिहीत नाही. परंतु त्या ओसरीवर विचारले गेलेले दोन प्रश्न मात्र लिहिलेच पाहिजेत. त्यांतील एका प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने केव्हाच दिलेले आहे, पण ते त्या घरापर्यंत पोहोचलेले नाही. आणि दुसऱ्याचे उत्तर मिळवणे शक्य असूनही ते मिळवण्याची तसदी कोणी घेतलेली नाही.

पहिला प्रश्न आईचा होता. "भाऊ, पोरगी पोटात होती तवा म्या गिऱ्हनात भाजी चिरली. म्हून असं झालं म्हन्तेत सारे. खरं हाये काय?" दुसरा बापाचा. अंगणात खेळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाकडे पाहत तो म्हणाला, "मंग आता या लहान्याले बी होईन काय?"

आईच्या प्रश्नाला आम्ही तत्काळ "नाही" म्हणून उत्तर दिले. बापाच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते आमच्या अज्ञानामुळे नव्हते असे नाही; परंतु मुलीच्या औषधपाण्याची जी कागदांची थप्पी त्याने पिशवीतून काढून दाखवली, तीतही ते कोठे नव्हते. त्या थप्पीतल्या शेवटच्या कागदावर एवढेच लिहिले होते : मेंदूची घातक गाठ. कोणत्या जातीची, कोणत्या कारणाने झालेली, याविषयी एक अक्षरही नाही. आज एकविसाव्या शतकाची पंचवीस वर्षे उलटल्यावर असे निदान म्हणजे 'ताप आला होता' या नोंदीइतकेच अर्थपूर्ण आहे. या एका ओळीच्या कागदाविरुद्ध आमची तक्रार आहे, आणि ती त्या कागदावर सही करणाऱ्या डॉक्टरापुरती मर्यादित नाही.

आईचा अपराध नाही

प्रथम आईच्या प्रश्नाचा निकाल लावू. मोठ्या माणसांच्या कर्करोगामागे पुष्कळदा तंबाखूसारख्या विषाने वर्षानुवर्षे केलेली नासधूस असते. त्यांच्या गाठीतील पेशी तपासल्या तर जनुकांत असंख्य बदल झालेले आढळतात. लहान मुलांच्या मेंदूतील गाठींचे तसे नाही. त्यांच्यात असे बदल मोजकेच असतात, कधीकधी एखादाच निर्णायक असतो. वाढत्या मेंदूत पेशींचे विभाजन अखंड चाललेले असते आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी जनुकांची सगळी पोथी नव्याने नकलून काढावी लागते. नकलून काढणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुका दुरुस्त होतात, काही निरुपद्रवी ठरतात. परंतु पेशीची वाढ कोठे थांबवायची हे सांगणाऱ्या ओळीतच चूक झाली, तर ती पेशी मोठी होण्याचे विसरते आणि वाढतच राहते. या चुकीलाच उत्परिवर्तन म्हणतात.

याचे सर्वांत भेदक उदाहरण मेंदूच्या देठात होणाऱ्या गाठीचे आहे. श्वासोच्छ्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल यांची सूत्रे ज्या देठातून जातात, तेथेच ही गाठ पसरते. म्हणून शस्त्रक्रिया करून ती काढून टाकता येत नाही. २०१२ साली मॉन्ट्रियल आणि मेम्फिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, यांतील बहुसंख्य गाठींत एकाच ठिकाणचे एकच अक्षर बदललेले असते. आपल्या पेशीतील डीएनएचा लांबलचक धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळाच्या सत्ताविसाव्या जागी लायसिन असावयाचे, तेथे मेथिओनिन येते. एवढ्या फरकाने रिळावरील 'हे जनुक आता झोपू द्या' अशा अर्थाच्या खुणा पुसल्या जातात आणि पेशी बाल्यावस्थेतच अडकून वाढत राहते. वराडातील ज्या माणसाने सरकीपासून सुतापर्यंतचा कापसाचा प्रवास पाहिला आहे, त्याला रीळ बिघडली म्हणजे सारे सूत कसे गुंतते हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या चुकीचा ग्रहणाशी, विळीशी, आईने काय खाल्ले नि कोणता नवस फेडला नाही याच्याशी तिळमात्र संबंध नाही. आईबापांकडून रक्तात उतरलेला दोष कारणीभूत असण्याचे प्रमाणही थोडे आहे. कर्करोग झालेल्या १,१२० मुलांची तपासणी करून अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यानुसार शंभरांत साडेआठ मुलांतच असा उपजत दोष आढळला. म्हणजे दहांतील नऊ घरांत आईने स्वतःला दोष देण्याला काडीचाही आधार नाही. आणि उरलेल्या घरातही तो आईचा अपराध नव्हे, जसा डोळ्यांचा रंग हा कोणाचा अपराध नसतो.

याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आयुष्यभर नवस-सायासांविरुद्ध कीर्तने केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जिल्ह्यातील एका आईला आजही लेकराच्या मृत्यूबद्दल ग्रहणाच्या न्यायासनापुढे उभे राहावे लागते, ही गोष्ट पुतळ्यांना हार घालणाऱ्या आपणा सर्वांनाच खाली मान घालावयास लावणारी आहे.

नावावाचून उपचार नाही

जनुकातील बदल शोधणे ही प्रयोगशाळेतील पंडितांची चैन आहे, असा एक समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आहे. "गाठ ती गाठ; कापा, किरण द्या, औषध द्या; नाव कळून काय फरक पडणार?" असे हे म्हणणे. ते खोडून काढण्यास एकच उदाहरण पुरेसे आहे.

लहान मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीला पूर्वी एकच आजार समजत. २०१२ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकमताने मान्य केले की, हे वस्तुतः किमान चार वेगळे आजार आहेत आणि ते त्यांतील जनुकीय बदलांवरून ओळखावे लागतात. एका गटातील शंभरांत नव्वदांहून अधिक मुले योग्य उपचाराने जगतात. दुसऱ्या एका गटातील जेमतेम निम्मी जगतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र या गाठी सारख्याच दिसू शकतात. आता उपचारांत संपूर्ण मेंदूला आणि कण्याला किरण द्यावे लागतात, आणि त्याची किंमत मूल जन्मभर मोजते : बुद्धी मंदावते, उंची खुंटते, ग्रंथींचे काम बिघडते. कोणाला अधिक मात्रा अपरिहार्य आहे आणि कोणाला कमी मात्रेवर वाचवता येईल, हे ठरवण्यासाठीच गटाचे नाव पाहिजे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सर्वांत सौम्य गटातील मुलांना कण्याचे किरण वगळून पाहिले; गाठी परत येऊ लागल्या तेव्हा अभ्यास थांबवला आणि २०२२ साली ते प्रांजळपणे जाहीर केले. किरण वगळणे धोक्याचे ठरले, आता ते कमी करून भागेल काय, हा पुढचा प्रश्न आहे. अपयशाची कबुली देऊनच विज्ञान पुढे जाते. आमच्या मंत्र्यांना हा गुण शिकण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मेंदूच्या गाठींचे जे नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात अनेक बालगाठींची नावेच जनुकीय बदलावरून ठेवली आहेत. म्हणजे बदल तपासला नाही तर रोगाचे नाव लिहिताच येत नाही. बीआरएएफ या जनुकातील विशिष्ट बदल असलेल्या मुलांच्या गाठींवर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची जोडी २०२३ साली अमेरिकेत मान्य झाली. देठातील गाठीवर डॉर्डाव्हिप्रोन हे पहिलेच औषध ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे सशर्त मान्य झाले; ते पुष्कळांना लागू पडत नाही, आणि रिळावरील तो अक्षरबदल सिद्ध झाल्याशिवाय ते देताही येत नाही. चाचणी नाही तर नाव नाही, नाव नाही तर औषध नाही, अशी ही साखळी आहे; आणि तिची पहिली कडीच चांदूर बाजारच्या मुलाला नाकारली जाते.

तिसरी गोष्ट त्या बापाच्या प्रश्नाची. मेड्युलोब्लास्टोमाच्या एका गटात टीपी५३ या जनुकातील दोष कधीकधी उपजत असतो, आणि तो असला तर भावंडांवर लक्ष ठेवावे लागते. इतर पुष्कळ गाठींत भावंडांना विशेष धोका नसतो. मुलगी गेली, तरी तिच्या गाठीचे नाव त्या लहानग्या भावासाठी लागत होते. ते कळले असते तर बाप एक तर निश्चिंत झाला असता किंवा सावध. आज तो दोन्ही नाही. मुलाला साधी पडशाची ओकारी झाली तरी तो रात्रभर जागतो.

"हे आपल्याला परवडणार आहे काय?"

येथे व्यवहारवादी मंडळी हटकून विचारतात : खेड्यात एक्स-रे यंत्र धड चालत नाही, आणि तुम्ही जनुकांच्या चाचण्या मागता?

आम्ही चांदूर बाजारच्या ग्रामीण रुग्णालयात जनुकवाचनाचे यंत्र बसवा असे म्हणत नाही. गाठीचा तुकडा शस्त्रक्रियेनंतर मेणाच्या ठोकळ्यात जतन केला जातो. कर्करोगाच्या रुग्णालयांच्या दारात ताटकळणारे गोरगरीब नातेवाईक त्याला 'ब्लॉक' म्हणून ओळखतात. हा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो आणि काडेपेटीएवढ्या डबीत घालून टपालाने पाठवता येतो. मुलाला आणि त्याच्या आईबापांना सातशे किलोमीटर नेण्यापेक्षा तो ठोकळा नेणे सोपे नव्हे काय? शिवाय पुष्कळ महत्त्वाचे बदल ओळखण्यास मोठे यंत्र लागतही नाही. रिळावरचा तो अक्षरबदल, बीआरएएफमधील एक प्रमुख बदल, अर्भकांत होणाऱ्या एका उग्र गाठीतील एका प्रथिनाचा अभाव, हे सारे प्रतिपिंडांच्या रंगचाचणीने काचपट्टीवर दिसून येते. ही चाचणी स्तनांच्या कर्करोगासाठी आपल्या शहरांतून नित्य होतेच.

मेड्युलोब्लास्टोमाचे चार गट ओळखण्यासाठी तर आपल्याच महाराष्ट्रात, टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील संशोधन संस्थेत, डॉ. नीलम शिरसाट यांच्या चमूने मेणात जतन केलेल्या तुकड्यावर करता येण्याजोगी चाचणी तयार करून २०१३ साली प्रसिद्ध केली. परदेशातील पुष्कळ चाचण्यांना ताजा, गोठवलेला नमुना लागत असे. भारतातील रुग्णालयांतून तो मिळत नाही, हे ओळखून केलेले हे काम आहे. १९६२ पासून ही संस्था केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे ज्ञान आपले, संस्था सार्वजनिक आणि पैसा जनतेचा. ते खारघरहून अमरावतीपर्यंत पोहोचवणारी नळी मात्र कोणी टाकलेली नाही. हा अपुरेपणा विज्ञानाच्या माथी मारता येणार नाही. त्याची जबाबदारी राज्यकर्त्यांची आहे.

आणि "आधी मेळघाटातील कुपोषण पाहा, मग असल्या दुर्मिळ रोगांकडे वळा" असे जे सांगितले जाते, त्याला आमचे उत्तर असे की, मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न १९९० च्या दशकापासून उच्च न्यायालयात गाजतो आहे. त्या मुलांचे नाव पुढे करून या मुलांचा प्रश्न मागे ढकलणाऱ्यांनी त्या मुलांसाठी तरी काय केले? गरिबांच्या एका दुःखाला दुसऱ्याविरुद्ध उभे करून दोहोंची बोळवण करणे, ही सत्ताधाऱ्यांची जुनी रीत आहे. तिला बळी पडण्याचे कारण नाही.

चार महिन्यांचा हिशेब

त्या मुलीचे दुखणे कसे वाढत गेले ते पाहा. सकाळी उठल्याबरोबर डोके दुखे आणि ओकारी होई. दिवस चढला की बरे वाटे. प्रथम जंताचे औषध झाले, मग पित्ताचे. डोळा तिरळा होऊ लागला तेव्हा चष्मा झाला. चालताना झोक जाऊ लागला तेव्हा शाळेतील मुले हसली आणि घरच्यांनी अंगारा लावला. प्रत्येक खेपेला बापाचा एक खाडा पडे. चार महिन्यांनी अमरावतीस मेंदूचे चित्र निघाले. तोवर मूल उभे राहीनासे झाले होते.

सकाळची डोकेदुखी, सकाळची ओकारी, नवा तिरळेपणा, चालण्यातला झोक, एका बाजूला कललेली मान, अर्भकाचे वाजवीपेक्षा वाढणारे डोके : ही लक्षणे एका पोस्टकार्डावर मावतात. ब्रिटनमध्ये मुलांच्या मेंदूच्या गाठीचे निदान होण्यास पूर्वी मध्यमानाने सुमारे १४ आठवडे लागत. तेथे २०११ साली लक्षणांची छापील पत्रके डॉक्टरांना, शाळांना आणि पालकांना वाटण्याची मोहीम सुरू झाली, आणि दोन वर्षांत तो काळ सात आठवड्यांच्या आत आला. यात कोणतेही नवे यंत्र नव्हते, कोणतेही महाग औषध नव्हते. होता तो केवळ कागद, शाई आणि निश्चय.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासावयाची असतात. गावोगावी आशाताई आहेत. ही सारी माणसे तुटपुंज्या मानधनावर राबतात. त्यांना दोष देणे आमच्या मनातही नाही. पण त्यांच्या हाती ते पोस्टकार्ड कोणी दिले आहे काय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे मोठाले फलक चौकाचौकांत दिसतात. योजना चांगली आहे. २०१२ साली ती वेगळ्या नावाने प्रथम सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होताच. परंतु तिचा पैसा मूल इस्पितळात दाखल झाल्यावर मिळू लागतो. तत्पूर्वीचे चार महिने, एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी, गहाण पडलेली डोरली, हे कोणत्याच योजनेत नाही.

खरे ते सांगितले पाहिजे : देठातील गाठीचे निदान चार महिने आधी झाले तरी आज ते मूल वाचत नाही. बहुतेक मुले वर्षभरात जातात. पण सर्व गाठी तशा नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मुलांचे सर्व कर्करोग मिळून पाहता, श्रीमंत देशांत ऐंशी टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात आणि अनेक गरीब देशांत तीस टक्क्यांहूनही कमी. पेशीतील अक्षर चुकण्याचा नियम तर जगात सगळीकडे एकच आहे. तेव्हा या पन्नास टक्क्यांच्या अंतराला निसर्ग जबाबदार नाही.

ज्ञान सर्वांचे, औषध एकाचे

देठातील गाठीचे रहस्य उलगडले ते कोणाच्या त्यागावर? अशा गाठीचा तुकडा जिवंतपणी काढणे पुष्कळ काळ धोक्याचे मानले जाई. म्हणून संशोधकांच्या हाती आलेले अनेक नमुने मृत मुलांच्या आईबापांनी शवविच्छेदनास संमती देऊन दान केलेले होते. लेकरू गमावल्यावरही "दुसऱ्याचे तरी वाचावे" म्हणून दिलेले हे दान आहे. त्यावर सार्वजनिक निधीतून आणि लोकवर्गणीतून संशोधन झाले. इतके झाल्यावर शेवटच्या टप्प्यात एखादी कंपनी येते, पेटंट घेते, आणि जी किंमत लावते तिचे शेतमजुराच्या मिळकतीशी कोणतेही नाते उरत नाही. समाजाने पेरावे, निंदावे, खुरपावे आणि कापणीच्या दिवशी शेतात दुसऱ्याच कोणाची पाटी लागावी, असा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार मोडण्याचे हत्यार आपल्या कायद्यात आहे. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट नियंत्रकाने सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी सक्तीचा परवाना दिला. बायर कंपनी महिन्याच्या मात्रेस सुमारे २,८०,००० रुपये घेत होती. नॅटको या भारतीय कंपनीने तेच औषध ८,८८० रुपयांना द्यावे असे ठरले. पुढे एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटाचा दावा फेटाळला. पण सक्तीच्या परवान्याचे ते हत्यार त्यानंतर म्यानातच आहे. दुसरा परवाना निघालेला नाही. लेकरांच्या औषधासाठी ते बाहेर काढावयाचे नाही, तर मग कशासाठी राखून ठेवले आहे?

दरम्यान सरकारची उणीव भरून काढते आहे ती जुनी दानत. टाटा रुग्णालयात आलेली किती तरी खेडवळ कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा घेतात. नागपूरचे कर्करोग रुग्णालय याच जिल्ह्यातील यावलीचे सुपुत्र, १९६८ साली कर्करोगानेच गेलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांच्या नावाने उभे आहे. ही दानत आम्हाला वंद्य आहे. परंतु धर्मशाळा हे शासनाच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. अलीकडे तर आजारी मुलाचे छायाचित्र मोबाइलवर फिरवून मदत मागण्याची पद्धत पडली आहे. ज्याच्या मुलाचा चेहरा लोकांना गोड वाटेल त्याला पैसे, बाकीच्यांचे नशीब! उपचाराचा हक्क हा असा जाहिरातीतून मिळवावा लागणे, ही लोकशाहीची विटंबना आहे.

आपल्याच मित्रांशी थोडे

आता थोडे आपल्या चळवळीतील मित्रांशी. या मुलीची हकीकत ऐकून एक तरुण कार्यकर्ते तावातावाने म्हणाले, "हे फवारणीच्या विषाचे काम आहे, कंपन्यांविरुद्ध मोर्चा काढू." फवारणीच्या विषाबद्दल आम्हाला प्रेम नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीने तडफडून मेले, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही त्या मित्रांना आम्ही थांबवले. मुलांच्या मेंदूतील गाठीस निश्चितपणे कारणीभूत ठरलेल्या बाह्य गोष्टींत क्ष-किरणांसारख्या किरणांची मोठी मात्रा एवढीच आजवर सिद्ध झालेली आहे. कीटकनाशकांविषयी संशय व्यक्त झालेला आहे, पण तो पुराव्याच्या पायरीपर्यंत पोहोचलेला नाही. सिद्ध न झालेली गोष्ट सिद्ध म्हणून सांगणे आणि ग्रहणाला दोष देणे यांत जातीचा फरक नाही. शिवाय आज आपण घाईने बोललो आणि उद्या ते खोटे ठरले, तर यवतमाळच्या खऱ्या बळींची बाजूही आपण दुबळी करू.

मात्र हा प्रश्न विचारण्याचा हक्क आम्ही सोडत नाही. त्याचे उत्तर मिळवण्याचा मार्ग म्हणजे मोजणी. लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणीचा जो राष्ट्रीय अहवाल २०२० साली निघाला, त्यात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, औरंगाबाद, उस्मानाबाद-बीड, बार्शी, नागपूर आणि वर्धा येथील नोंदण्या आहेत. अमरावती नाही, अकोला नाही, यवतमाळ नाही. बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून हे काम चालते. गावोगाव फिरून रुग्ण शोधण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. जे बार्शीला चार दशकांपूर्वी जमले, ते कापसाच्या पट्ट्यात अजून का जमू नये? ज्या जिल्ह्यांत विष सर्वांत अधिक फवारले जाते, तेथील मुले त्या अहवालाच्या मोजणीत नाहीत. ज्याची मोजणी नाही त्याच्याविषयी कोणाला जाब विचारता येत नाही, हे सत्ताधाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

आमची मागणी

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. मेंदूच्या गाठीच्या लक्षणांचे पत्रक, मराठीत आणि कोरकूतही, प्रत्येक शाळा, अंगणवाडी, ग्रामीण रुग्णालय आणि खाजगी दवाखान्यात लागले पाहिजे, आणि बाल स्वास्थ्य पथकांच्या तपासणीत ही लक्षणे आली पाहिजेत. अशा संशयित मुलाचे मेंदूचे चित्र आठवड्याच्या आत, मोफत, अमरावतीस निघाले पाहिजे. मुलाच्या प्रत्येक गाठीचा ब्लॉक सरकारी खर्चाने तपासणीस गेला पाहिजे आणि त्यातील जनुकीय बदलाचे नाव आईबापांना समजेल अशा मराठीत लेखी मिळाले पाहिजे; हा हक्क महात्मा फुले योजनेत स्पष्ट शब्दांत लिहावा. अमरावती विभागात कर्करोग नोंदणी सुरू झाली पाहिजे. आणि ज्या औषधांचा बालरुग्णांना उपयोग सिद्ध झाला आहे, त्यांच्या किमती उतरत नसतील तर सक्तीच्या परवान्याचे हत्यार शासनाने उपसले पाहिजे.

यांतील पहिल्या मागणीसाठी मंत्रालयाची वाट पाहण्याचेही कारण नाही. पत्रक छापण्यास शे-दोनशे रुपये लागतात. चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात पथारी टाकून ते वाटता येते. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांतून, शिक्षक संघटनांतून, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांकरवी ते घरोघर नेता येते. ज्यांना समाजवाद हा केवळ ठरावांचा विषय वाटत नाही, त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी या कामाला लागावे, अशी आमची विनंती आहे.

त्या मुलीचा ब्लॉक आजही कोणत्या तरी इस्पितळाच्या कपाटात पडलेला असेल. तो मागवून घेऊन तपासणीस धाडण्याचे आम्ही ठरवले आहे आणि तसा अर्ज बापाच्या अंगठ्यानिशी रवाना केला आहे. उत्तर येईल तेव्हा येईल. आईला तिचे उत्तर मिळाले. ओसरीवर बसून ती ते पुन्हापुन्हा शेजारणींना सांगत होती. बापाचे उत्तर अद्याप येणे आहे, आणि ते ज्यांच्याकडून येणे आहे त्यांना आम्ही स्वस्थ बसू देणार नाही.